बॉर्डर कॉली घ्यायचा विचार करताय? आधी नागपूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा

हल्ली रील्समध्ये बॉर्डर कॉली उड्या मारताना दिसतो, ऑस्ट्रेलियन शेफर्डचे निळे डोळे दिसतात, आणि घरातली पोरं मागे लागतात की आपल्याला हाच पाहिजे. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या फ्लॅट स्कीममध्येसुद्धा आता हे कुत्रे दिसून राहिले आहेत. मला हे कुत्रे मनापासून आवडतात आणि म्हणूनच हे लिहितोय, कारण चुकीच्या घरात गेलेला हर्डिंग कुत्रा जितका त्रास भोगतो तितका दुसरा क्वचितच भोगत असेल. योग्य घरात गेला तर मात्र त्याच्याएवढा समजदार सोबती मिळणं कठीण.

तर ब्रीडची नावं नंतर बघू. आधी हे कुत्रे नेमकं काय करायला तयार केलेत ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

हर्डिंग म्हणजे मेंढ्या-गुरं वळवणं. राखण करणारे कुत्रे वेगळे, ते कळपात बसून लांडग्यापासून जनावरं वाचवतात, आणि दिवसाचा बराच वेळ शांत पडून असतात. वळवणारा कुत्रा दिवसभर मालकाच्या शिट्टीवर धावतो, कळपातून फुटलेली मेंढी परत आणतो, आणि हे करताना स्वतःचं डोकंही वापरतो. बॉर्डर कॉली हा इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातला, आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचा वंश १८९३ साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या एका कुत्र्यापर्यंत जातो. तिथल्या मेंढपाळांनी शंभर वर्षांहून जास्त काळ कामात चांगला तोच कुत्रा पुढे वाढवला. अमेरिकेत चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला हजारावर खेळण्यांची वेगवेगळी नावं ओळखता येत होती, १०२२ असा आकडा नोंदलेला आहे. आता एवढं डोकं असलेलं जनावर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बंद फ्लॅटमध्ये राहिलं तर ते स्वतःच स्वतःला काम शोधणार ना. मग सोफा फाडणं, सावलीमागे तासन्तास धावणं, शेपटीमागे गोल फिरणं, खाली गेलेल्या प्रत्येक ऑटोवर भुंकणं.

लोक म्हणतात की आमच्याकडे मोठं अंगण आहे, फार्महाऊस आहे, मग काय टेन्शन. पण अंगणात एकटा सोडलेला कॉली काही तिथे आपणहून व्यायाम करत नाही, तो गेटजवळ बसून रस्त्यावरच्या बाइक मोजत बसतो. जागा कमी असली तरी चालेल, माणूस पाहिजे. दोन खोल्यांच्या घरात राहणारा पण रोज शिकवला जाणारा कुत्रा मोठ्या प्लॉटवरच्या एकट्या कुत्र्यापेक्षा कितीतरी खूश असतो.

आता घरात बसून खरा हिशोब करा.

सगळ्यांना एकत्र बसवा, आई-बाबा, पोरं, आजी-आजोबा असतील तर तेही, आणि विचारा की मे महिन्यात पहाटे पावणेपाचला कोण उठणार. नाव ठरलं पाहिजे, "आपण सगळे मिळून करू" हे उत्तर धरू नका, कारण सगळे मिळून म्हणजे शेवटी आईच करते. नागपूरचा उन्हाळा काय असतो हे वेगळं सांगायची गरज नाही, २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीही नवतपात ४५-४६ चं कुणाला नवल वाटत नाही. सकाळी साडेसहानंतर फिरवणं अवघड आणि रात्री नऊच्या आधी रस्ता थंड होत नाही. अशा दिवसांतही या कुत्र्याला मिळून दीड-दोन तास तुमचे लागणार, त्यातलं काही फिरणं, काही शिकवणं, काही खेळ. हे बारा-चौदा वर्षं चालणार, बॉर्डर कॉली साधारण तेवढं जगतो. आज सहावीत असलेला मुलगा तेव्हा नोकरीला लागलेला असेल, बहुतेक पुण्यात, आणि कुत्रा तुमच्याकडे.

ट्रायल घ्यायची असेल तर कुत्रा आणायच्या आधी आठ-पंधरा दिवस नुसतं पहाटे उठून घरच्यांनी फिरायला जाऊन बघा, अंबाझरी नाहीतर सेमिनरी हिल्स, जे जवळ असेल ते. चौथ्या दिवशी कोण उरलं ते बघितलं की उत्तर मिळतंच.

आता ब्रीड.

जर्मन शेफर्ड आपल्याकडे इतका जुना झालाय की लोक त्याला हर्डिंग कुत्रा समजतच नाहीत, पण १८९९ मध्ये जर्मनीत ही जात पक्की केली गेली ती मेंढ्यांच्या कुत्र्यांमधूनच. अनुभवी डॉक्टर, ट्रेनर आपल्या शहरात सहज मिळतात हा याचा सगळ्यात मोठा फायदा. घराशी, माणसांशी घट्ट जुळतो, दहा-अकरा वर्षांच्या पोरांबरोबर छान वाढतो. पण तीस-पस्तीस किलोचं जनावर आहे, अंगावर दाट डबल कोट, म्हणजे वर राठ केस आणि आत मऊ लव असे दोन थर, केस वर्षभर गळतात, आणि पाठ उतरती असलेल्या पिल्लांमध्ये मागच्या पायांचे त्रास बघायला मिळतात. खुब्याचा आजार, हिप डिस्प्लेशिया म्हणतात तो, या ब्रीडमध्ये इतका आढळतो की आई-बापाचा खुब्याचा एक्स-रे न बघता पिल्लू घेऊ नका. सरळ पाठीचा बघा.

बॉर्डर कॉली १४ ते २० किलोचा, उचलायला सोपा, पण दिवसभर चालू. ज्यांच्या घरात कुणीतरी घरूनच काम करतं आणि ज्याला कुत्र्याला शिकवायची मनापासून आवड आहे, फक्त अशाच घरासाठी मी हा सुचवेन. दोघं नोकरीवर, मूल पाच वर्षांखालचं, घरी फक्त आजी, असं असेल तर माझं स्पष्ट मत नको असंच आहे.

ऑस्ट्रेलियन शेफर्ड नावाने ऑस्ट्रेलियन, पण घडला अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रँचवर. कॉलीपेक्षा थोडा जास्त लाघवी, माणसाला चिकटून राहणारा, ऊर्जा जवळपास तेवढीच. याच्यात मर्ल रंग फार विकला जातो, तो निळसर-करडा ठिपक्यांचा, आणि इथे एक गोष्ट नीट ऐका. आई आणि बाप दोघंही मर्ल असतील तर प्रत्येक पिल्लू डबल मर्ल, म्हणजे दोघांकडूनही मर्लचा जीन घेतलेलं, निघण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशी पिल्लं बहिरी, आंधळी किंवा दोन्ही असू शकतात. बरंचसं पांढरं, निळ्या डोळ्यांचं पिल्लू "रेअर कलर" म्हणून जास्त पैशात दाखवलं तर तिथून उठा.

बेल्जियन मॅलिनॉय आपल्या सुरक्षा दलांत काम करतो, तिथेच तो शोभतो. घरासाठी नको, एवढंच.

शेटलँड शीपडॉग, म्हणजे शेल्टी, याच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं आणि मला वाटतं फ्लॅटमधल्या कुटुंबाला या सगळ्यांत हाच जास्त जमेल. साधारण सहा ते बारा किलो, शिकायला हुशार, पोरांशी मऊ. भुंकतो मात्र भरपूर, शेजारच्या काकूंना आधीच कल्पना देऊन ठेवा. केस लांब म्हणून उन्हाळ्यात एसी लागेलच. चांगला शेल्टी मिळणं अवघड आहे, वाट बघावी लागेल. कॉर्गी पण गुरं हाकणारा, पायाच्या टाचांना तोंड लावत हाकायचा म्हणून बुटका, त्याला जिने आणि वजन दोन्ही सांभाळावं लागतं, पाठीचा त्रास लगेच होतो.

आणि आपला गावठी? गाई-शेळ्यांमागे रानात फिरणारे, गुराख्याच्या आवाजावर वळणारे गावठी कुत्रे विदर्भातल्या कुठल्याही गावात बघा. अंगावर केस कमी, ऊन सोसायची ताकद जन्मजात, खर्च कमी, डोकं तल्लख. कुटुंबाला "हुशार, चपळ, फिरायला उत्साही" एवढंच हवं असेल आणि काळ्या-पांढऱ्या केसांचा हट्ट नसेल तर मी दरवेळी हेच नाव आधी घेतो. मोठा, दीड-दोन वर्षांचा दत्तक घेतलात तर त्याचा स्वभाव आधीच दिसतो, पिल्लात तो अंदाज लावावा लागतो.

घ्यायला जाल तेव्हा हे बघा. कुत्र्यांच्या ब्रीडिंगबद्दल २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, त्यानुसार ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "पस्तीस दिवसांचं आहे, आत्ताच घ्या, लळा लागतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, त्या तीन-चार आठवड्यांत भावंडांसोबत खेळताना पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं, आणि हर्डिंग पिल्लाला तर हे शिकलेलंच पाहिजे. आई बघितल्याशिवाय घेऊ नका. व्हिडिओ नको, गाडीच्या डिकीतून हँडओव्हर नको, प्रत्यक्ष आई. ती अनोळखी माणसाजवळ येते का, पिल्लाला हात लावल्यावर कशी वागते, जागा स्वच्छ आहे का. आई कोपऱ्यात दबकून बसली असेल तर पिल्लंही बहुतेक तशीच भित्री निघतात. केनेल क्लबचा कागद आहे म्हणजे तब्येत चांगली असं नाही, तो फक्त वंशाचा कागद आहे.

आणि पिल्लांमध्ये सगळ्यात धडाक्याने अंगावर येणारं उचलू नका बरं, पोरांना तेच आवडतं. जे येतं, वास घेतं, थोडं खेळतं, मांडीवर उलटं धरलं की जरा वळवळून शांत होतं, भांडं पडल्याचा आवाज झाला तर दचकतं पण लगेच परत बघायला येतं, ते घ्या. आवाजाला घाबरणं या जातींमध्ये फार असतं म्हणून हे भांड्याचं नक्की करून बघा.

कधी आणायचं? माझ्या मते नागपुरात दिवाळी झाली की. फटाक्यांचा धोका टळतो आणि पुढचे तीन-चार महिने हवा छान असते, तेवढ्यात शी-शूची सवय, पट्ट्यावर चालणं, माणसांची ओळख सगळं होतं. पिल्लाची जग ओळखण्याची खिडकी तीन ते चौदा आठवड्यांपर्यंतच मोठी उघडी असते. लसी पूर्ण व्हायच्या आधी रस्त्यावर खाली ठेवू नका, पार्वो हा पिल्लांचा विषाणूचा आजार फार वाईट, पण कडेवर घेऊन शंकरनगर चौकात संध्याकाळी वीस मिनिटं उभं राहा, बस, हॉर्न, टोपीवाला, हेल्मेटवाला, फुगेवाला सगळं त्याला बघू द्या, प्रत्येक नवी गोष्ट बघितली की त्याच्या तोंडात खाऊचा एक दाणा. संक्रांतीला मात्र गच्चीवर नेऊ नका, नायलॉन मांजाने पाय कापतो आणि पतंगामागे बघत बघत हे कुत्रे कठड्यावरून उडी घेऊ शकतात.

आता तो प्रश्न जो सगळ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडतो: पोरांना चावून राहिला. तो चिडलेला नसतो, तो पोरांना वळवून राहिलाय. आमच्या लेआऊटमध्ये संध्याकाळी क्रिकेट चालतं तिथे एक बॉर्डर कॉली येतो, त्याला नुसतं बघा. पोरगा रन घ्यायला निघाला की याची मान खांद्याच्या खाली जाते, शेपूट खाली, एक पुढचा पाय हवेत तसाच थांबलेला, डोळे पापणी न हलवता त्या पोरावर. सेकंद-दोन सेकंद. मग सुटतो, सरळ अंगावर जात नाही, लांबून गोल वळसा घालून पुढे येतो, आणि पोरगा तरी थांबला नाही तर टाचेला तोंड. हे त्या दोन सेकंदांतच पकडायचं असतं. एकदा सुटला की तुम्ही ओरडत राहा, त्याला ऐकूच जात नाही.

शिकवायचं असं. कुत्रा पट्ट्यावर तुमच्याजवळ, मूल दहा-बारा पावलांवर, आधी नुसतं हळू चालणार. कुत्र्याने मुलाकडे बघितलं की थांबा, पट्टा ओढू नका, तो आपणहून तुमच्याकडे वळला की त्याच क्षणी "शाब्बास" आणि तोंडात खाऊ, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरतो. पाच मिनिटं, बस. दुसऱ्या दिवशी मूल जरा वेगात चालेल, काही दिवसांनी जॉगिंग, मग ओरडत धावेल. तो वळेनासा झाला तर तुम्ही घाई केलीत असं समजा, अंतर वाढवा. आणि मुलांनाही एक नियम, कुत्रा मागे लागला की स्टॅच्यू. हा खेळ सगळ्यांना येतो. हात छातीशी, नजर आभाळाकडे, आवाज बंद. न पळणाऱ्या मेंढीत त्याला रस राहत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला हे जमत नाही, म्हणून त्या वयाचं मूल आणि हर्डिंग पिल्लू एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय ठेवायचं नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. मारून हे सुटत नाही, उलट मुलाजवळ गेलं की मार बसतो एवढंच तो शिकतो आणि मग खरंच चावतो.

डोक्याला काम देणं हा उन्हाळ्यातला सगळा आधार आहे, कारण तेव्हा पळवता येत नाही. जेवणाची वाटी बंद करून टाका. दाणे जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गाठ मारा, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांत लपवा, घरभर पेरून "शोध" म्हणा. खेळण्यांना नावं द्या आणि एकेक आणायला शिकवा. सांडलेली खेळणी गोळा करून बादलीत टाकायला शिकवा, हे या कुत्र्यांना इतकं आवडतं की काही दिवसांत पोरांची खेळणीसुद्धा बादलीत जातात. जिममधला मोठा फुगा आणून तो नाकाने ढकलत तुमच्यापर्यंत आणायला शिकवा, जर्मनीत यावरून ट्रायबॉल नावाचा खेळच निघाला, मेंढ्यांऐवजी चेंडू. पंधरा मिनिटांचा असा सेशन झाला की कुत्रा कूलरसमोर सपाट झोपतो. उलट रोज तासभर नुसता बॉल फेकत राहिलात तर त्याचा स्टॅमिना वाढत जातो आणि डोकं रिकामंच. लेझर लाइटने कधीच खेळवू नका, कॉलीला प्रकाश आणि सावलीचं वेड लागतं आणि ते सुटणं फार कठीण.

आणि गप्प पडायलाही शिकवावं लागतं, हे कुणी सांगत नाही. एक चटई ठरवा, तिच्यावर गप्प पडला की हळूच एक दाणा, काही न बोलता.

उन्हाळ्याचं आणखी. कुत्र्याला घाम पंज्यातूनच काय तो थोडा येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकूनच बाहेर जाते. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला भाजलं तर त्याचे पंजे भाजणार. टक्कल करू नका, डबल कोट ऊनही अडवतो, आतली मऊ लव विंचरून काढत राहा, तेवढंच. खसच्या ताटीचा कूलर मे महिन्यात छान चालतो पण जूनमध्ये दमट हवा सुरू झाली की कूलरचा उपयोग राहत नाही, तेव्हा एसी किंवा जमिनीवरची थंड फरशी. हर्डिंग कुत्रा थकला तरी थांबत नाही, कामाच्या नादात चक्कर येईपर्यंत पळतो, म्हणून थांबवायचं तुम्ही. जीभ लांब आणि गडद लाल, लाळ घट्ट, पाय लटपटतायत, असं दिसलं की आधी साध्या नळाच्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा, आणि मग डॉक्टरकडे पळा. आधी थंड करणं, मग गाडी काढणं, हाच क्रम.

खाण्यात सावजीचा रस्सा, कांदा-लसणाचं काही, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. संत्र्याची एखादी बी काढलेली फोड चालते.

पावसाळ्यात गोचीड. दाट केसांत दिसत नाहीत, बोटांनी चाचपून बघावं लागतं, कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचीडताप आपल्याकडे भरपूर आहे, कुत्रा अचानक सुस्त झाला, जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासा. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये कुत्र्यांचा दवाखाना आहे, जवळचा खाजगी डॉक्टरही आधीच ठरवून ठेवा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर, आणि महापालिकेची नोंदणी करून घ्या. सोसायटीवाले कुत्रा पाळायलाच बंदी म्हणाले तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या सूचना दाखवा, अशी बंदी त्यांना घालता येत नाही, पण खाली घाण झाली तर उचलायची जबाबदारी तुमचीच.

शेवटचं औषधाचं, आणि हे लक्ष द्या. कॉली घराण्यातल्या कुत्र्यांमध्ये एमडीआर-वन नावाच्या जीनमध्ये दोष असू शकतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखं औषध मोठ्या डोसमध्ये दिलं तर ते मेंदूपर्यंत पोचतं आणि कुत्रा दगावूही शकतो. लांब केसांच्या रफ कॉलीमध्ये दहातल्या सुमारे सात जणांत हा दोष सापडतो, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्यांत, शेल्टी आणि जर्मन शेफर्डमध्ये बराच कमी, बॉर्डर कॉलीत त्याहून कमी पण असतो. आपल्याकडे गोचीड-खरूज झाली की हेच इंजेक्शन पटकन दिलं जातं, काही जण तर जनावरांच्या मेडिकलमधून आणून घरीच टोचतात. ते करू नका. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून डीएनए टेस्ट होते, ती होईपर्यंत कुत्र्याच्या लसीकरणाच्या फाईलवर पहिल्याच पानावर लाल पेनने ब्रीडचं नाव आणि "आयव्हरमेक्टिन देऊ नये" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला असाल आणि आजोबा त्याला दवाखान्यात घेऊन गेले तरी डॉक्टरांना ते आधी दिसेल.